फायबरची नाव घेताना: दोन सारख्यांतली कोणती?

(नंदनवन, नागपूर येथून सामुदायिक रेडिओवर झालेले भाषण)

आज नावेबद्दल बोलायचे आहे. नाव म्हणजे पाण्यावरची नाव, डोंगा. शहरातल्या बहिणींना वाटेल, आपला काय संबंध? पण नंदनवनाच्या जवळून जी नाग नदी वाहते तिचे पाणी पुढे कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला मिळते आणि ते सगळे गोसीखुर्दच्या धरणात जाऊन थांबते. आपल्या मोऱ्यांचे पाणी ज्या जलाशयात जाते त्याच जलाशयात कुही, भिवापूर, पवनीकडच्या बाया मासोळी धरतात, आणि तीच मासोळी आपण बाजारातून आणतो. तेव्हा संबंध आहेच.

कुही तालुक्यातल्या एका महिला बचत गटाची चिठ्ठी आली आहे. गटातल्या बहुतेक जणी ढिवर समाजाच्या. त्या लिहितात, "ताई, आमच्याकडे दोन कोटेशन आहेत. दोन्ही नावा फायबरच्या, दोन्ही १८ फुटी, दोन्हीवर लिहिले आहे ६ माणसे. एक पिवळी आहे, एक निळी. निळी ९ हजारांनी स्वस्त पडते. घरचे म्हणतात, निळी घ्या, दोन्ही सारख्याच. पण अर्ज आमच्या नावाने आहे, सही आम्हालाच करायची आहे. कसे ठरवायचे?"

सही त्यांची का, हे आधी सांगते. २०२० साली प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना सुरू झाली. तिच्यात सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के अनुदान मिळते आणि अनुसूचित जाती, जमाती व महिलांना ६० टक्के. त्यामुळे पुष्कळ घरांत आता अर्ज बाईच्या नावाने भरला जातो. अर्जावर नाव बाईचे, कर्जावर नाव बाईचे, आणि नाव निवडायला जातात मात्र दादा नि भाऊजी. ज्यांना पाण्याची माहिती आहे त्यांनी जरूर जावे, पण हप्ता जिच्या नावाने निघणार तिने नावेत बसून पाहिलेच पाहिजे. आणि नावेची पारख काही फार अवघड नाही. जिला परातीत किती कणीक मावते ते कळते, तिला हेही कळेल.

दोन नावा कागदावर सारख्या दिसतात, कारण कागदावर लांबी, रंग, माणसे आणि किंमत एवढेच लिहिलेले असते. फरक असतो तो तळाला, पाट्याखाली आणि फायबरच्या थरांत. तिथे कागद पोहोचत नाही.

तळापासून सुरू करू. नावेची रुंदी विक्रेता वर, काठावर मोजून सांगतो. या दोन्ही नावांची काठावरची रुंदी ५ फूट लिहिली आहे. पण नाव पाण्यावर बसते ती काठावर नाही, खाली. म्हणून मी चिठ्ठीच्या उत्तरात त्यांना सांगितले की टेप घेऊन जा आणि जिथवर पाणी येते तिथली रुंदी मोजा. त्यांनी मोजली. पिवळी तिथे ४ फूट, म्हणजे ४८ इंच. निळी ३ फूट ४ इंच, म्हणजे ४० इंच. पिवळीचा तळ सपाट आहे. निळीचा तळ मधे उतरता, इंग्रजी व्ही अक्षरासारखा, आणि बाजू वर फाकत गेलेल्या.

८ इंचांनी काय होते? घरच्या टाक्यात एक परात तरंगत ठेवा आणि एक गंज ठेवा. दोन्हींत पाव किलो डाळ टाका. दोन्ही तरंगतील. आता दोन्हींच्या काठावर एकेक पळी अडकवा. परात थोडी झुकेल आणि थांबेल. गंज लवंडेल. वजन तेच, पळी तीच. जे भांडे पाण्यावर जास्त पसरून बसते ते कलायला कबूल होत नाही.

आता हिशेब करू. लांबी सारखी असेल तर नावेची तोल धरण्याची ताकद रुंदीच्या घनाने बदलते. म्हणजे रुंदीला रुंदीने गुणायचे आणि पुन्हा एकदा रुंदीने गुणायचे. ४८ च्या जागी ४० आले की ही ताकद १०० वरून साधारण ५८ वर येते. रुंदी सहाव्या हिश्श्याने घटली आणि आधार मात्र दोन पंचमांशाहून जास्त गेला. त्यातही माणसे पाट्यावर उंच बसलेली असतात, उभी राहून जाळे ओढतात, त्यामुळे प्रत्यक्षातला फरक याहूनही मोठा जाणवतो.

गंमत अशी की नाव किती खोल बसते ते पाहिले तर दोघींत फरक जवळपास नाहीच. तोही हिशेब ऐका, कारण विक्रेता हाच दाखवणार आहे. १ चौरस मीटर जागा १ सेंटिमीटर खाली जाते तेव्हा १० लिटर पाणी बाजूला सरते, म्हणजे १० किलो वजन तोलले जाते. पिवळी पाण्यावर साधारण ५ चौरस मीटर टेकते, म्हणजे दर ५० किलोंना १ सेंटिमीटर बसते. निळी साधारण ४ चौरस मीटर टेकते, तर दर ४० किलोंना १ सेंटिमीटर. आता भार मोजा. तीन जणी १८० किलो, ओले जाळे ६०, मासोळी ८०, इंजिन आणि पेट्रोल ५०. झाले ३७०. त्यात नावेचे स्वतःचे वजन धरा, पिवळीचे २४० आणि निळीचे १९०. पिवळी सुमारे १२ सेंटिमीटर बसेल, निळी १४. एका बोटाचा फरक! नाव सरळ उभी असताना हे दोन्ही आकडे दिलासा देतात. पण जाळे ओढताना नाव सरळ उभी राहत नाही. दोघी एकाच काठावर येतात, जाळ्यात ओढ असते, कधी ते खाली बुडालेल्या झाडात अडकते. त्या वेळी रुंदीच कामाला येते.

निळीच्या बाजूने एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. फाकलेल्या बाजूंची नाव आधी चटकन कलते, पण कलता कलता तिचा फाकलेला भाग पाण्याला टेकतो आणि ती अडते. सवयीच्या माणसाला हे ठाऊक असते, तो घाबरत नाही. नवखी बाई मात्र पहिल्याच हेलकाव्याला दुसरीकडे धाव घेते, आणि नाव उलटते ती त्या धावण्याने. शिवाय उतरत्या तळाची नाव लाट कापत जाते, सपाट तळाची लाटेवर आपटते. उन्हाळ्यात वावधन सुटले की मोठ्या जलाशयात लाटा चांगल्याच उठतात. सपाट नावेत बसून त्या वेळी परत येणे म्हणजे खाचखळग्यांच्या रस्त्यावर बैलगाडीतून येणे. कंबर बोलते. पण उलटण्यापेक्षा कंबर बोललेली बरी, असे माझे मत.

हे मी उगाच भीती घालायला सांगत नाही. २३ जानेवारी २०२४ ला गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरजवळ वैनगंगेत नाव उलटली. मिरची तोडायला पलीकडच्या काठावर निघालेल्या ६ बाया बुडाल्या. त्याआधी सप्टेंबर २०२१ मध्ये वरूड तालुक्यात झुंजजवळ वर्धा नदीत नाव उलटून ११ जण गेले. नदी रोजची, काठ ओळखीचा, आणि तरी. अशा बातमीत आपण मेलेल्यांची संख्या वाचतो आणि पान उलटतो. नाव केवढी होती, तिच्यावर भार किती होता, उलटल्यावर तिच्यात धरायला काही उरले का, हे प्रश्न नाव विकत घेण्याच्या दिवशी विचारायचे असतात.

उलटल्यावर धरायला काय उरते, ही आता दुसरी गोष्ट. पुष्कळांना वाटते फायबर तरंगते. तरंगत नाही. जुना लाकडी डोंगा पाण्याने भरला तरी लाकूड वर राहायचे, म्हणून आजोबांची पिढी उलटलेल्या डोंग्याला धरून वाचली. फायबर पाण्यापेक्षा साधारण दीडपट जड असते. फायबरची नाव तरंगते ती पोकळ असते म्हणून. पाणी भरले की संपले, दगडासारखी तळाला जाते आणि इंजिनाचे वजन तिला आणखी ओढते. म्हणून चांगल्या नावेत बंद कप्पे करून त्यांत फोम भरलेला असतो.

पिवळीच्या कोटेशनमध्ये "फोम भरलेली" असे लिहिले आहे. निळीच्या कोटेशनमध्ये "हवाबंद कप्पे". वाचताना दोन्ही एकच वाटते. पण हवाबंद कप्पा हवाबंद राहतो तोवरच. झाकणाचे रबर एका उन्हाळ्यात वाळते, बुडालेल्या खोडावर घासून तळाला चीर जाते, आणि कप्प्यात पाणी शिरते. ते शिरलेले दिसतही नाही. फोममध्ये मात्र चीर गेली तरी तरंगण्याची ताकद राहते.

किती फोम हवा? पाण्यात बुडालेल्या २४० किलोंच्या फायबरच्या नावेचे पाण्यातले वजन साधारण तिसरा हिस्सा उरते, ८० किलो. इंजिनाचे ३० धरा. तिघी तिला धरून पाण्यात लोंबकळतात, दर एकीचे १५ धरा, ४५ झाले. एकूण १५५. १ लिटर फोम जवळजवळ १ किलो उचलतो. तेव्हा थोडे हाताशी ठेवून १८० लिटर फोम हवा. डोळ्यांसमोर आणायचे तर तेलाचे १५ लिटरचे १२ डबे. आता नावेत बसा आणि विक्रेत्याला विचारा, "दादा, १२ डबे कुठे आहेत ते दाखवा." पाट्याखाली किती जागा आहे, टोकाला किती आहे, हे तुम्हाला डोळ्यांनीच कळेल. चार डब्यांची जागा असेल तर तो फोम कोटेशनपुरता आहे.

फोम कुठे आहे हेही पाहा. सगळा तळाला भरला असेल तर पाणी भरलेली नाव पालथी होऊन तरंगते, कारण हलके खाली आणि जड वर. फोम दोन्ही कडांना, बसायच्या फळ्यांखाली उंचावर हवा आणि मागे इंजिनाजवळही हवा. मग नाव पाण्याने भरली तरी सरळ राहते, आणि आत बसून भांड्याने पाणी उपसता येते.

आणि तो फोम थर्माकोल नको. थर्माकोलला पेट्रोल लागले की तो विरघळतो. फायबरच्या रेझिनमध्ये जे रसायन असते त्यानेही विरघळतो. पॉलियुरेथेनचा बंद छिद्रांचा फोम हवा, जो पाणी पीत नाही. भांडी घासायच्या स्पंजासारखा उघड्या छिद्रांचा फोम भरला असेल तर वर्ष दोन वर्षांत तो पाणी पिऊन नाव जड करतो. विक्रेत्याकडून एक तुकडा मागून घ्या, रात्रभर पाण्यात दाबून ठेवा, सकाळी पिळा. यापेक्षा सोपी परीक्षा नाही.

फायबरबद्दल थोडक्यात सांगते. नाव साच्यात बनते. आधी रंगाचा कडक थर, त्याला जेलकोट म्हणतात. मग काचेच्या तंतूंची चटई, तिच्यावर रेझिन, पुन्हा चटई, मधे जाड विणीचे काचेचे कापड, असे थर चढतात. थर किती, हे वरून दिसत नाही. तळाला आणि कडेला जाडी वेगळी असते, ती लेखी मागा. नाव उन्हात उभी करून आतून पाहा. जिथे जेलकोट पातळ असतो तिथून उजेड झिरपतो, आणि मग हवेचे फुगे, रेझिन न मुरलेले पांढुरके डाग दिसतात. एक रुपयाचे नाणे घेऊन सगळीकडे टकटक करा. भरीव जागी आवाज टणक येतो, थर सुटलेल्या जागी भद्द येतो. मडके घेताना आपण हेच करतो. आणि वास घ्या. नाव बनून महिना झाला तरी नाकात झोंबणारा वास येत असेल तर रेझिन नीट पिकलेले नाही.

दुरुस्ती हाताने होते, हे फायबरचे मोठे सुख. गटातल्या दोघी जणींनी ती शिकून घ्यावी. मात्र रेझिन पिकवायला दोन औषधे लागतात, एक कॅटॅलिस्ट आणि दुसरे निळसर-जांभळे कोबाल्ट. ही दोन एकमेकांत थेट कधीही मिसळायची नाहीत, स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये घोळून घ्यायचे आणि मग कॅटॅलिस्ट टाकायचे. कॅटॅलिस्ट डोळ्यांत उडाले तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्मा लावा. घासताना उडणारी पूड अंगाला भयंकर खाजते, तोंडाला फडके बांधा. चूल पेटलेली असेल तिथे तर हे काम नकोच.

आता वजन. निळी १९० किलो, पिवळी २४०. हा ५० किलोंचा फरक निळीच्या बाजूचा आहे आणि तो लहान नाही. रोज संध्याकाळी नाव काठावर ओढून ठेवायची असेल तर ५० किलो म्हणजे एक सिमेंटची गोणी रोज दोनदा जास्त ओढायची. हाताने वल्हवायची असेल तर अरुंद, हलकी नाव कमी श्रमात पळते. म्हणून मी कोणालाही सरसकट पिवळीच घ्या असे सांगणार नाही. भंडारा, गोंदियाकडे मामा तलाव आहेत, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. तिथल्या एखाद्या गावतळ्यावर दोघी जणी गळ नि जाळे घेऊन जातात, पाणी उथळ, काठ हाकेच्या अंतरावर. तिथे निळी बरी, किंबहुना १८ फुटांचीही गरज नाही, १२ फुटांची पुरे. तलाव ठेक्याने असतो. ठेका दुसऱ्या सोसायटीला गेला तर नाव दुसऱ्या तलावावर न्यावी लागते, तेव्हाही हलकी नाव छोट्या गाडीत चढते.

गोसीखुर्दचे पाणी तसे नाही. या धरणाचे भूमिपूजन १९८८ मध्ये झाले, आणि पाणी चढत गेले तसे पुष्कळ गावांचे शेतशिवार खाली गेले. आंभोऱ्याजवळ उभे राहून पाहिले तर पलीकडचा काठ धूसर दिसतो. तिथे वारा लांबून येतो, आणि लांबून येणारा वारा मोठी लाट घेऊन येतो. पाण्याखाली झाडांचे बुंधे उभे आहेत, काठाला जलपर्णी दाटली आहे. जलपर्णी एवढी का, याचे अर्धे उत्तर आपल्या नागपूरच्या सांडपाण्यात आहे. सपाट तळाची नाव जलपर्णीवरून सरकून जाते, खोल तळाची अडकते. या गटाच्या कामाला पिवळी जास्त योग्य आहे, आणि ९ हजारांसाठी ती सोडू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. फक्त तिच्यातला फोम मोजल्याशिवाय सही करू नका. कारण पिवळी रुंद असली आणि आतून रिकामी असली, तर मग मला तिसरे कोटेशन मागा असेच म्हणावे लागेल.

एक बाजूची गोष्ट. शोरूममध्ये तुम्हाला आणखी एक नाव दाखवतील, मधोमध उभा खांब, त्यावर मोटारीसारखे चाक, समोर काच. तिला सेंटर कन्सोल म्हणतात. समुद्रात ती चांगली, कारण चालवणारा मधे उभा राहून चारी बाजूंना पाहतो आणि गळ टाकणारे त्याच्या भोवती सगळीकडे फिरू शकतात. फोटोही सुरेख येतो. पण १८ फुटांच्या तलावातल्या नावेत तो खांब जाळे पसरण्याच्या नेमक्या जागेवर बसतो. चाकापासून इंजिनापर्यंत केबल जाते, ती गंजते, तिला कारागीर शोधावा लागतो. शिवाय चालवणारी उभी राहते, म्हणजे वजन वर जाते. लहान इंजिनाला मागे बसून दांड्याने वळवणे सोपे आणि स्वस्त. गटाच्या नावेला चाक नको.

आता खरी परीक्षा पाण्यावर. विक्रेत्याला सांगा, नाव तलावावर आणा, आम्ही पाहून घेऊ. जाताना तांदळाचे कट्टे न्या, जेवढा भार रोज असणार तेवढ्या वजनाचे. कट्टे ठेवून, तिघी बसून, पाण्यापासून काठापर्यंत किती विती उरल्या ते मोजा. मग दोघींनी एका काठावर सरकून बसा आणि पुन्हा मोजा. दोन्ही नावांत ह्याच दोघी, ह्याच जागी. एका नावेत वीतभर काठ उरेल आणि दुसरीत चार बोटे, तर तुम्हाला कोणाला काही विचारायची गरज राहणार नाही. "६ माणसे" हे जे लिहिलेले असते ते बहुधा गुपचूप बसलेल्या ६ माणसांचे असते, जाळे ओढणाऱ्या ६ जणींचे नसते. ही परीक्षा कंबरभर पाण्यात करा, जॅकेट घालून करा, आणि पोहता येणारे कोणी शेजारी असू द्या.

शेवटी बादल्यांनी नाव पाण्याने भरून बघा, तिथेच, उथळ पाण्यात, इंजिन न लावता. इंजिनाच्या जागी तेवढ्या वजनाचा दगड बांधा. काठ पाण्याबरोबर राहून नाव सरळ तरंगली तर फोम आहे. बुडाली किंवा पालथी झाली तर नाही. विक्रेता कुरकुर करेल. "असे कोणी करत नाही बाई," म्हणेल. म्हणू द्या. जो आपली नाव पाण्याने भरून दाखवायला तयार नाही त्याच्या कोटेशनची घडी घालून परत द्यावी.

पैशाचे आता. ९ हजारांचा फरक खरा आहे का, तेही तपासा. निळीच्या कोटेशनमध्ये जीएसटी धरला आहे का? नागपूरहून किंवा जिथून येणार तिथून तलावापर्यंतचे भाडे कोणाकडे? वल्ही, नांगर, दोर, जॅकेटे आत आहेत की वेगळी? हे सगळे एका कागदावर दोन रकाने करून मांडले की पुष्कळदा स्वस्त नाव स्वस्त राहत नाही. अनुदानाचे ६० टक्के हे योजनेत मान्य झालेल्या रकमेवर असतात, तुम्ही हौसेने वर घातलेल्या रकमेवर नसतात. आणि ते साधारणपणे नाव आल्यावर, तपासणी झाल्यावर खात्यात जमा होतात. तोवरचा पैसा गटाला उभा करावा लागतो आणि त्यावर व्याज चढते. म्हणून आपल्या जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात आधी जाऊन विचारा की कोणत्या मापाची नाव चालते, कोणत्या वस्तू धरल्या जातात, आणि इंजिन लावले तर नोंदणी कशी करायची. खरेदीनंतर विचारले तर उत्तर तेच मिळते, उपयोग मात्र होत नाही. तांत्रिक शंका असेल तर आपल्याच शहरात तेलंगखेडीला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, तिथे चौकशी करता येईल.

पावतीवर काय लिहून घ्याल? फायबरची तळाची आणि कडेची जाडी, फोम किती लिटर आणि कुठे, नावेचे वजन किती, वॉरंटी किती वर्षे आणि ती तळाला आहे की नुसत्या रंगाला. "सगळे आहे बाई" हे पावतीवर मावत नाही, म्हणून आकडे मागा. पावती गटाच्या नावाने, आणि तिची प्रत ठराव-वहीत डकवून ठेवा.

जॅकेटांवर काटकसर नको. नावेत जेवढ्या जणी, तेवढी जॅकेटे, आणि ती अंगात. फळीखाली ठेवलेले जॅकेट नाव उलटल्यावर हाती लागत नाही. इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगचा शिक्का असलेले घ्या. साडीवरून घालून, पट्टे आवळून पाहा, कारण बहुतेक जॅकेटे पुरुषांच्या मापाची येतात आणि बारक्या बाईच्या खांद्यावरून वर निसटतात. खालून पायांमधून जाणारा पट्टा असेल तर निसटत नाही. साडीचा ओचा पाण्यात पायांना गुंडाळतो, त्यामुळे नावेवर सलवार किंवा गाऊनखाली लेगिन बरी. यावर घरात कोणी बोलले तर त्यांनाही एकदा साडी नेसून पाण्यात उतरवा.

चिठ्ठीच्या शेवटी विचारले आहे की इंजिन आत्ताच घ्यावे का. माझे सांगणे, एक हंगाम वल्ह्यांवर काढा. त्या काळात कोणत्या वेळी वारा कुठून येतो, बुंधे कुठे आहेत, किती लांब जावे लागते, हे कळेल, आणि मग किती ताकदीचे इंजिन लागेल तेही कळेल. जलपर्णीत पंखा गुरफटतो, म्हणून इंजिन असले तरी वल्ही नावेत राहणारच आहेत. नाव घरी आली की पहिल्या दिवशीच, तुमचा रोजचा भार टाकून, पाणी जिथवर येते तिथे बाहेरून पांढऱ्या रंगाची पट्टी मारा. पट्टी पाण्याखाली गेली की एक जण उतरेल किंवा एक टोपले उतरेल, असा ठराव गटाच्या वहीत लिहून ठेवा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. जे जे घरचे नावेत बसणार आहेत त्यांच्याही.